विषय: शनिवारची गच्ची – भाकऱ्या तव्यावर कधी टाकायच्या?

प्रेषक: ताई (गंगापूर रोड)

नमस्कार मंडळी,

भाकऱ्या करणाऱ्या दोघी मावशी शनिवारी येतायत, ते पक्कं. पण काल त्यांनी विचारलं, "पहिली भाकरी किती वाजता टाकू?" आणि मला सांगता येईना. पडद्यावर दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' या मूकपटातली लोणीचोरी सुरू झाली की ताटात नागलीची गरम भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा, असं ठरलंय. माझ्या लॅपटॉपवर तो प्रसंग लवकर येतो आणि दादाने पाठवलेल्या फाईलमध्ये बराच उशिरा. कुठली धरायची? आज कळलं तर बरं. गेल्या वर्षी त्या हॉटेलात सगळी ताटं एकदम आली, वाढपी प्रोजेक्टरसमोरून फिरत राहिले आणि पुरणपोळी गार झाल्यावर पोचली. म्हणून तर यंदा घरची गच्ची घेतली.

प्रेषक: दादा (सिडको)

ताई, फाईली दोन्ही बरोबर आहेत, वेग वेगळा आहे. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चित्रं. बोलपट आल्यावर २४ कायम झालं. जुनी फिल्म २४ ने चालवली की माणसं तुरुतुरु पळायला लागतात. २४ ने ५० मिनिटं भरली, तर १६ ने तीच ७५ होतात. तुमचा लॅपटॉप २४ वाला.

मी १६ नेच लावणार. 'कालिया मर्दन' सुरू होतो तेव्हा मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते. फाळक्यांची लेक, वय सात! पळवलं तर तो चेहरा नीट बघायलाच मिळत नाही. आणि एक विनंती, शनिवारी प्रोजेक्टरला माझ्याशिवाय कुणी हात लावू नका.

प्रेषक: वहिनी (सध्या मुक्काम इंदिरानगर)

वेगाचं तुम्ही बघा. पण सगळं नाशिकचं करतोय आणि यादीत मिसळ नाही? बाहेरगावाहून आलेली आमची मुलं विमानतळावरून पहिलं तेच विचारतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर भाजलेला पापड. एक पातेलं मी घरून आणते.

प्रेषक: आबा (पंचवटी)

वहिनी, मिसळ सकाळची. रविवारी नऊला बसावं आणि दुसऱ्यांदा रस्सा मागावा. अंधारात तर्री दिसत नाही, सांडली तर सतरंजीवर डाग. शिवाय चित्रपट मुका. चाळीस जण एकदम पापड मोडायला लागले तर दादाचा मित्र तबला घेऊन बसणार आहे त्याचं काय?

लहानपणी वणीच्या यात्रेत तंबू टॉकीजला जायचो. आई फडक्यात भाकरी आणि खुरासणीची चटणी बांधून द्यायची. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलायला दिवे लागायचे आणि तेवढ्यात सगळे आपापली पुरचुंडी सोडायचे. पडदा आणि भाकरी हे माझ्या डोक्यात तेव्हापासून एकत्रच आहेत. म्हणून हॉटेलातलं जेवण नको म्हणून मी अडून बसलो होतो.

आणि फाळक्यांचे चित्रपट घरच्या चुलीवर उभे राहिलेत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक रांधायच्या आणि फिल्मला भोकं पाडायचं, ती धुवायचं कामही करायच्या. पहिली तारामती झालेले साळुंके तर ग्रँट रोडच्या एका खाणावळीतले आचारी. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती, १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही. शनिवारी तबल्याच्या आधी मला हे दोन मिनिटं सांगू द्या.

प्रेषक: मावशी (मूळच्या जळगावच्या)

आबा, पापडाचं पटलं. पण मग मांडे का नाहीत? खापर माझ्याकडे आहे, यायला मी तयार आहे. शेवभाजीही करते.

प्रेषक: ताई (गंगापूर रोड)

मावशी, रागावू नका, मांडे आणि शेवभाजी खानदेशची. पुढच्या वर्षी तुमच्या खापरासाठी वेगळा दिवस ठेवू. वहिनी, मिसळ रविवारी सकाळी माझ्याकडेच, पातेलं तेव्हा आणा. शनिवारचं ताट मी दोन महिने जुळवतेय, त्यात आता भर नको: नागलीची भाकरी, लोणी, खुरासणीची चटणी, पिठलं, इंद्रायणीचा भात. एवढंच.

१६ चा वेग मान्य. पण माझा प्रश्न तसाच आहे. डिसेंबरची गच्ची, आठनंतर गार वारा सुटतो. काल करून पाहिलं. तव्यावरून उतरल्या उतरल्या लोणी ठेवलं तर ते कडेने वितळत खाली येतं, काळपट भाकरीवर पांढरी वाट दिसते. दहा मिनिटांनी ठेवलेला गोळा जागचा हलला नाही आणि भाकरी चामड्यासारखी ओढावी लागली. चाळीस भाकऱ्या दोन तव्यांवर म्हणजे तवा निदान अर्धा तास आधी पेटायला हवा. मग पहिल्या दहा माणसांनी काय करायचं?

प्रेषक: आबा (पंचवटी)

घड्याळ सोडा. भाकरीवाल्या मावशींना पडदा दिसेल असे तवे मांडा. मंदाकिनीचा चेहरा आला की पीठ मळायला घ्या. बाळकृष्ण लोण्याकडे निघाला की तवा तापलेला हवा. आणि चाळीसांना एकदम कशाला? अर्धी अर्धी वाढा, म्हणजे वीसच लागतील. उरलेल्या अर्ध्या मागाहून, पिठल्याबरोबर.

प्रेषक: दादा (सिडको)

तव्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर पडेल.

प्रेषक: ताई (गंगापूर रोड)

तवे सगळ्यांच्या मागे, टाकीजवळ. दिव्याला पडद्याच्या बाजूने पत्रा लावते. अर्ध्या भाकरीचं आबांचं बरोबर आहे, मला सुचलं नाही. आज मावशींना विचारलं, तर धाकटी म्हणाली, "म्हणजे आम्हालाही बघायला मिळणार?" त्यांनी फाळके स्मारक बाहेरून पाहिलंय, चित्रपट एकही नाही.

गुरुवारी सात वाजता तालीम. दादा, प्रोजेक्टर घेऊन ये, लोणीचोरीपर्यंतच लावू.

प्रेषक: खजिनदार

लोणी किती सांगू? डेअरीवाला उद्या दुपारपर्यंत थांबतोय.

प्रेषक: ताई (गंगापूर रोड)

दीड किलो. बिनमिठाचं.