कठडा हवा, पोहणंही यावं

एका ताईंनी लिहिलंय, अठरा वर्षांपर्यंत पोरांना फोन नको आणि देवधर्मावर प्रश्नही नकोत. त्यांची काळजी खरी आहे, पण मला पटलं नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. मागच्या लग्नसराईत ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपला पत्रिका आली. मी दाबली, तर फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू द्यायचं का? ‘हो’वर बोट जाणार, तेवढ्यात नववीतली पोरगी ओरडली, "बाबा थांबा! पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. हे एपीके आहे, म्हणजे ॲप टाकायची फाइल. एकदा आत गेलं की मेसेज वाचायची परवानगी मागते, अन् ओटीपी तिथंच येतात." कपाशीचे पैसे त्याच खात्यात होते. तिला फोन हाताळू दिला नसता तर हे तिला कुठून कळलं असतं?

मोकळं रान मीही दिलेलं नाही. रात्री नऊनंतर फोन ओसरीत चार्जिंगला. तिचे मेसेज मात्र मी वाचत नाही. विहिरीला कठडा आम्ही बांधलाच, पण पाठीला डबा बांधून तिला पोहायलाही शिकवलं.

देवाचंही तसंच. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना प्रश्नावर प्रश्न. मग आपल्या पोरांनी विचारलं तर का चिडायचं? यंदा पोरीनं गुरुवारचा उपास सोडला. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, मी मध्ये पडलो नाही. आता संध्याकाळी दोघी मिळून हरिपाठ म्हणतात. उपास आई एकटीच करते.