मदत हवी आहे: अडकलेले फंक्शन ठरावीक वेळेत कसे थांबवावे?
नमस्कार. दादरच्या आमच्या कार्यालयात रोज रात्री चालणाऱ्या पायथन प्रोग्रॅममधील एक फंक्शन बिलांच्या पीडीएफमधून मजकूर काढते. एखादी फाइल सदोष निघाली की ते तासन्‌तास अडकून पडते. पायथनच्या सिग्नल मॉड्यूलमधील अलार्मचा (ठरल्या वेळी इशारा देणाऱ्या सोयीचा) हँडलर, म्हणजे इशारा आल्यावर चालणारे फंक्शन, फक्त मुख्य थ्रेडमध्येच (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) लावता येतो व तिथेच चालतो, आणि आमचे काम तर वर्कर थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य थ्रेडने काम सोपवलेल्या दुसऱ्या थ्रेडमध्ये चालते. फ्यूचरच्या (वर्कर थ्रेडला दिलेल्या कामाचा निकाल नंतर मिळवून देणाऱ्या ऑब्जेक्टच्या) रिझल्टला ३० सेकंदांचा टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत दिली, तर आपले वाट पाहणे तेवढे थांबते, थ्रेड मात्र मागे चालूच राहतो. काल सकाळी असे ४ थ्रेड अजून चालू असलेले दिसले. स्वतंत्र प्रोसेस (वेगळा चालणारा, बाहेरून बंद करता येणारा प्रोग्रॅम) सुरू करून ती मुदतीनंतर बंद करणे मला अधिक खात्रीचे वाटते, परंतु हजारभर फायलींसाठी दर वेळी नवी प्रोसेस परवडेल का, की काही प्रोसेस आधीच तयार ठेवून अडकलेली तेवढीच बदलावी? अनुभव असल्यास कृपया सविस्तर कळवावे.