मदत हवी आहे: थायलंडचा डिजिटल अरायव्हल कार्ड आणि आईचं रिकामं आडनाव

नमस्कार मंडळी,
पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन बँकॉकला जातेय. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये शिरताना भरायचा तो कागदी टीएम 6 फॉर्म जाऊन टीडीएसी, म्हणजे हा डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म, ऑनलाइन भरावा लागतो, पोहोचण्याआधीच्या 3 दिवसांत, हे कळलं. फॉर्म फुकट आहे. तरीही गूगलवर आधी पैसे मागणारीच साइट उघडली, कार्डाचा नंबर टाकता टाकता थांबले! खरी साइट ‘गो डॉट टीएच’ने संपणारी, ती आता सापडलीय.

अडलंय ते आईच्या नावावर. तिच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, पूर्ण नाव ‘गिव्हन नेम’मध्येच छापलंय. मग फॉर्ममध्ये फॅमिली नेम कोरं सोडायचं, रेघ मारायची की नाव तोडून लिहायचं? तोडलं तर पासपोर्टशी जुळणार नाही, ही धास्ती. असा पासपोर्ट घेऊन कोणी नुकतंच जाऊन आलंय का?

आणखी एक. विमान रात्री निघून मध्यरात्रीनंतर उतरतं, म्हणजे तारीख उतरण्याचीच टाकायची ना? बाबा निघण्याचीच म्हणून अडून बसलेत.

फॉर्म भरल्यावर मिळणाऱ्या क्यूआर कोडची प्रिंट मात्र काढणारच. ऐन वेळी बाबांचा फोन बंद पडतोच.