उन्हाळ्यातले सिनेमे: कुठला कुठल्या पडद्यावर बघायचा? (जुलै 2025 मधली चर्चा)

खिडकीची जागा
मंडळी, एप्रिल ते जुलै 2025 मध्ये थिएटरात आलेल्या सिनेमांवर तुमची मतं हवी आहेत, हातचं न राखता. ‘सिनर्स’, ‘मिशन: इम्पॉसिबल’चा ‘द फायनल रेकनिंग’, ‘हाऊसफुल 5’, ‘एफ वन’ आणि आता ‘सुपरमॅन’. मराठीत ‘आता थांबायचं नाय’, ‘गुलकंद’, ‘जारण’. कोण भाव खाऊन गेलं आणि कोण आपटलं?

दुसरा प्रश्न खिशाचा आहे. ‘एफ वन’ आणि ‘सुपरमॅन’ अजून चालू आहेत. पुण्यात आम्ही चौघं, त्यात दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. महागडं तिकीट एकदाच काढायचं तर कुठल्या सिनेमाला? आयमॅक्स, थ्रीडी, फोरडीएक्स (खुर्ची हलते आणि पाणी उडतं तो प्रकार), साधं टूडी, यात जादा पैसे नेमके कशाचे लागतात? आणि रांग कुठली धरायची?

रीळवाला
महागडं तिकीट ‘एफ वन’ला, म्हणजे त्या मोटार शर्यतीच्या सिनेमाला काढा, आणि आयमॅक्सचंच काढा. कारण साधं आहे. आयमॅक्समध्ये तो 1.90 च्या आकारात दिसतो, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या 1.90 पट. नेहमीच्या रुंद (स्कोप) पडद्यावर हेच प्रमाण 2.39 असतं. रुंदी तेवढीच ठेवली तर आयमॅक्समध्ये साधारण 26 टक्के जास्त चित्र मिळतं, आणि ते सगळं वर-खाली. गाडीच्या नाकावर बसवलेला कॅमेरा असताना वरचं आभाळ आणि खालचा डांबराचा पट्टा दोन्ही दिसले पाहिजेत, नाहीतर वेग अंगावर येत नाही. त्यातल्या गाड्या एफ टूच्या, म्हणजे एफ वनच्या खालच्या श्रेणीतल्या गाड्यांच्या सांगाड्यांवर बांधलेल्या आहेत आणि खऱ्या ग्रांप्रीच्या (एफ वन शर्यतीच्या) आठवड्यांत, खऱ्या ट्रॅकवर पळवल्या आहेत. म्हणूनच पडद्यावर त्यांचं वजन जाणवतं.

कथेबद्दल विचाराल तर एकसष्टी उरकलेला ब्रॅड पिट पंचविशीतल्या पोरांना वळणावर मागे टाकतो, हे मी आनंदाने गिळलं. घशाशी अडकतं ते दुसरंच. त्याचा सनी हेज मुद्दाम धडका देऊन सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) बाहेर आणतो आणि कोणी त्याला धड जाब विचारत नाही! 2008 च्या सिंगापूर शर्यतीत रेनॉ संघाने मुद्दाम अपघात घडवला होता. पुढच्या वर्षी ते उघडकीला आलं आणि संघप्रमुखाला घरी जावं लागलं. एफ वनच्या शर्यती बघणाऱ्या माणसाला शेजारी बसवू नका, तो अडीच तास नियम सांगत बसेल. आपल्या सेन्सॉरने यात मधल्या बोटाच्या इमोजीच्या जागी मुठीची इमोजी बसवली आहे, ती शोधायचं काम मुलाला देऊ नका म्हणजे झालं.

‘सिनर्स’ला दहापैकी दहा. 1932 चं मिसिसिपी, मायकल बी. जॉर्डन जुळ्या भावांच्या दुहेरी भूमिकेत. ‘राम और श्याम’वर वाढलेल्या आपल्या लोकांना हा सिनेमा जास्त कळायला हवा होता! तो 65 मिमी फिल्मवर दोन आकारांत चित्रित झाला आहे: एक 2.76 चा लांबलचक पट्टा आणि दुसरा आयमॅक्स. गाण्याच्या त्या प्रसंगात पट्टा वर-खाली उघडत जातो आणि छातीत धडधडायला लागतं. साध्या पडद्यावर आकार बदलतच नाही, त्यामुळे अनेकांना ‘एवढं काय त्यात’ असं वाटलं. फिल्मवरचं 1.43 चं पूर्ण उंचीचं आयमॅक्स आपल्याकडे दिसत नाही, इथे 1.90 वरच भागवावं लागतं, पण तेही भरपूर आहे.

‘फायनल रेकनिंग’ 169 मिनिटांचा आहे. पहिला तासभर सगळी पात्रं एकमेकांना कथा समजावून सांगतात. मग पाणबुडी येते, संवाद जवळजवळ बंद होतात आणि सिनेमा जिवंत होतो. शेवटी टॉम क्रूझ विमानाला लोंबकळतो तेव्हा आख्ख्या थिएटरचे पॉपकॉर्नचे हात अर्ध्यावर थांबतात.

थ्रीडीला पैसे घालू नका. टूडीसाठी पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) प्रकाश हे प्रमाण आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत साडेचारच्या आसपास पोचतो, आणि प्रोजेक्टरचा दिवा जुना असला तर त्याहून कमी. ‘सुपरमॅन’चे रंग इतके खुलवून ठेवले आहेत, ते काळ्या काचेतून कशाला बघायचे?

चौदावी रांग
रीळवाल्यांनी चित्राचं सांगितलं, मी आवाजाचं आणि खुर्चीचं सांगते.

पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर बसलं की चित्र साधारण 37 अंशात मावतं. जेवढी रुंदी तेवढ्याच अंतरावर बसलं तर 53 अंश. आयमॅक्सला दुसरं घ्या, नेहमीच्या पडद्याला पहिलं. आवाजाची जुळणी करताना मायक्रोफोन हॉलच्या मध्यरेषेवर, पडद्यापासून दोन तृतीयांश अंतराच्या आसपास ठेवतात. म्हणजे 15 रांगांचा हॉल असेल तर दहावी रांग, मधल्या चार खुर्च्या. सगळे धावतात ती शेवटची रांग मात्र आवाजाला सगळ्यात वाईट. मागच्या भिंतीचे स्पीकर डोक्याशी वाजतात आणि पडद्यावरचा संवाद त्यात बुडतो. रिक्लायनर बहुधा तिथेच असतात, म्हणजे जास्त पैसे मोजून कमी ऐकायचं!

तिकीट काढताना नकाशात पडदा वर दाखवलाय की खाली ते बघून घ्या. काही ठिकाणी ए रांग पुढे असते, काही ठिकाणी मागे. घाईत मान मोडून बघायची पाळी येते ती यामुळेच.

संवाद नीट ऐकू येत नसेल तर गप्प बसू नका. हॉलच्या साउंड प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाजाची पातळी, 7.0 वर ठेवायची असं प्रमाण आहे. जाहिराती फार कर्कश म्हणून तक्रारी येतात, तेव्हा ती पाचापर्यंत उतरवतात आणि सिनेमा सुरू झाल्यावर परत चढवायचं राहून जातं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला हॉलचा नंबर द्या आणि ‘फेडर वाढवा’ एवढंच म्हणा. चित्र अंधुक वाटलं तर ‘थ्रीडीचा फिल्टर लावलेलाच राहिलाय का’ असं विचारा. हेही इंटरव्हलच्या आधीच करायचं, नंतर कोणी हलत नाही.

‘सुपरमॅन’ मला मनापासून आवडला, निम्मा त्या क्रिप्टो कुत्र्यामुळे. इतका वाह्यात, इतका गोड प्राणी! सेन्सॉरने चुंबनाचे 33 सेकंद कापलेत. एरवी सिनेमातल्या इमारती कोसळतात त्याला काही हरकत नाही. दहा वर्षांच्या मुलाला हाच दाखवा, साध्या टूडीत. यूए 7+, 13+, 16+ या वर्गवाऱ्या पालकांच्या माहितीसाठी असतात, त्यावरून दारात अडवत नाहीत. ‘ए’ मात्र खरोखर अडतो, तिथे ओळखपत्र मागतात. म्हणून ‘सिनर्स’ मुलासाठी नव्हताच.

तिसरी घंटा
मराठीचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

‘आता थांबायचं नाय’ हा या उन्हाळ्यातला सगळ्यात चांगला सिनेमा आहे, आणि मी भाषा धरून बोलत नाहीये. मुंबई महापालिकेतले चतुर्थश्रेणी कर्मचारी पुन्हा दहावीला बसतात, घटना खरी आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही इथे हशा पिकवायची घाई करत नाहीत, म्हणून हसू आतून येतं. शिवराज वायचळने दिग्दर्शन करताना परीक्षेची भीती इतकी खरी पकडलीय, की पन्नाशीतल्या माणसाच्या हातातलं पेन थरथरतं तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो.

‘गुलकंद’ त्याच दिवशी आला, 1 मे. टीव्हीवरच्या प्रहसनाची लय पडद्यावर जशीच्या तशी आली आहे: दर अर्ध्या मिनिटाला टोला. समीर चौघुले आणि ईशा डे यांच्या जोडीला हॉल इतका हसतो, की पुढचं वाक्य हशात वाहून जातं. थिएटरात मजा घ्यायची, घरी वाक्यं ऐकायची, असा दोनदा बघायचा सिनेमा.

‘जारण’ला मात्र रीळवाल्यांचा प्रकाशाचा मुद्दा पुरेपूर लागू. अर्धा सिनेमा काळोखात आहे. दिवा मंद असलेल्या हॉलमध्ये अमृता सुभाषचा चेहराच दिसेनासा होतो आणि मग भीतीऐवजी डोळे चोळणं होतं. अशा सिनेमाला दुपारचा खेळ घेऊ नका. उशिरा येणाऱ्यांनी दार उघडलं की बाहेरचा सगळा उजेड पडद्यावर. रात्रीचा शेवटचा खेळ घ्या.

आता वेळेचं. मराठी सिनेमाला दुपारी बारा ते रात्री नऊ यादरम्यान खेळ द्यायचा हा नियम 2015 पासून आहे. पण बारा ते नऊ ही खिडकीच इतकी मोठी आहे, की नोकरदाराला दुपारी सव्वाबाराचा खेळ देऊनही नियम पाळला जातो. पुढच्या आठवड्याचे खेळ बुकिंगला बुधवार-गुरुवारी उघडतात. शुक्रवार ते रविवार तिकिटं गेली नाहीत तर सोमवारपासून खेळ निम्मे. ‘दुसऱ्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्यांमुळे दुसरा आठवडा येतच नाही! मराठी सिनेमा पहिल्या रविवारी बघा. हॉलिवूडवाला थांबेल.

हळदीचं गाव
सांगलीकडून एक भर. छोट्या गावांतल्या बऱ्याच एकपडदा थिएटरांत उपग्रहावरून येणारी कमी प्रतीची डिजिटल यंत्रणा असते. हॉलिवूडच्या स्टुडिओंना त्यांच्या मानकातला निदान टूके (सुमारे दोन हजार ठिपके रुंदीचं चित्र दाखवणारा) प्रोजेक्टर लागतो, म्हणून ‘एफ वन’ तिथे पोचत नाही. गर्दी नसते हे कारण नव्हे. हिंदी-मराठीला ती अट नाही. ‘हाऊसफुल 5’ तिथेच, शिट्ट्यांच्या गजरात बघावा.

आणि तो काढताना शेवटचं अक्षर वाचा! 5ए आणि 5बी असे दोन वेगळे सिनेमे लावले आहेत. बोट तीच, खून तोच, विनोद तेच, शेवटी खुनी वेगळा. दोन्ही बघायचे म्हणजे तेच दोन-सव्वादोन तास पुन्हा सोसायचे. एक बघा, दुसऱ्याचा खुनी शेजाऱ्याला विचारा.

खिडकीची जागा
सगळ्यांचे आभार. ‘एफ वन’ आयमॅक्स, ‘सुपरमॅन’ टूडी, ठरलं. मुलगा फोरडीएक्ससाठी हट्ट धरून बसलाय, सासूबाईंना जमेल का?

चौदावी रांग
नाही. फोरडीएक्सच्या खुर्च्या चार-चारच्या गटात एकत्र हलतात, एकटीची बंद करता येत नाही. पाण्याचं बटण खुर्चीवर असतं, ते बंद होतं, पण पाठीत बसणारे धक्के आणि मानेशी सुटणारी हवा चालूच राहते. कंबर, मान किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर विचारही नको. मुलाला न्यायचं असेल तर पॉपकॉर्न आधी संपवा, पहिल्याच पाठलागात अर्धी बादली पुढच्या रांगेत जाते.

सासूबाईंना ‘सितारे जमीन पर’ला न्या. अजून असेल तर मंगळवार बघा, काही साखळ्या त्या दिवशी तिकीट स्वस्तात देतात. ॲपवर कन्व्हिनियन्स फी वेगळी लागते, खिडकीवर काढलं तर ती वाचते.

रीळवाला
आणि खराडी जवळ पडत असेल तर आयमॅक्सआधी सिटी प्राइडचा ‘डॉल्बी सिनेमा’ हा खास हॉल बघून ठेवा. देशातला पहिला तिथे झालाय. लेसरचे दोन प्रोजेक्टर, टूडीत 31 फूट-लॅम्बर्ट, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त प्रकाश. काळा रंग तिथे खरंच काळा दिसतो. ‘सुपरमॅन’ तिथे लागला असेल तर तोच घ्या, मुलाला फोरडीएक्सची आठवणही राहणार नाही.