टेल-टेल हार्ट: म्हातारा मेल्यावर ते ठोके कोणाच्या काळजाचे?

वाचनवेडी (यवतमाळ जिल्हा)
आम्हाले बीएले अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ही गोष्ट आहे, 1843 ची. गोष्ट सांगणारा माणूस एका म्हाताऱ्याले मारून घराच्या फळ्यांखाली लपवते, अन पोलीस आल्यावर ठोके ऐकून सोताच कबूल करते. नोट्समध्ये लिहून दिलं की खुनाच्या गिल्टमुळे तो वेडा होतो. मी तीनदा वाचली पण मले हे पटतच नाही, कारण पहिल्या ओळीपासूनच त्याचं मी वेडा नाही, मी वेडा नाही सुरू आहे, म्हाताऱ्यानं कधी काही वाकडं केलं नाही, त्याच्या सोन्यावर डोळा नाही, उलट माझा जीव होता त्याच्यावर असं सोताच म्हणते, अन मारते कशापायी तर त्या गिधाडासारख्या एका डोळ्यापायी, फिक्कट निळा, वर पडदा आलेला. माझ्या आजीच्या डोळ्यावर मोतीबिंदूचा तसाच पडदा होता म्हणून वाचताना लयच लागलं. हे तर खुनाच्या आधीचंच झालं ना? मग शेवटी पोलिसांसमोर ठोके ऐकू येतात ते काय, भूत?

जागलीवाला
भूत नाही ताई. मी हरभऱ्याले रानडुकरापायी जागलीले जातो, मचानावर एकटाच. सगळं गपगार झालं अन कान हातावर टेकवून पडलं का आपलाच ठोका ऐकू येते, पहिल्या वर्षी तर मले वाटलं कोणी धुऱ्यानं चालत येऊन राह्यलं, बॅटरी मारून मारून पाह्यलं. आता गोष्टीत पाहा, तो आवाज कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा, दबका अन भराभर, असं लिहिलं आहे, अन हे दोनदा लिहिलं आहे, जवळपास त्याच शब्दांत. एकदा म्हातारा जिवंत असताना अन एकदा तो फळ्यांखाली गेल्यावर. म्हंजे मले वाटते पहिल्या वेळीही तो सोताचाच ठोका ऐकत होता. दारातून पलंगावरच्या माणसाचं काळीज कोणाले ऐकू येते?

शाळामास्तर
जागलीवाले भाऊ, बरोबर पकडलं. यात एक जोडतो. हा रोज मध्यरात्री कंदील घेऊन म्हाताऱ्याच्या खोलीत डोकावतो, आठव्या रात्री कंदिलावरून त्याचा अंगठा घसरतो, म्हातारा उठून बसतो आणि कण्हतो, तिथं हा म्हणतो की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे, कितीतरी मध्यरात्री तो माझ्याच छातीतून निघालाय. ही ओळ वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. आणि रात्र रात्र जागून भिंतीतल्या किड्याची टिकटिक ऐकत बसायचा तेही तिथंच आहे (लाकूड पोखरणारा किडा, आपल्या माळवदाच्या जुन्या घरात लहानपणी ऐकलाय, इंग्लंड-अमेरिकेत लोक तो मरणाची चाहूल मानायचे). भीती याच्यात आधीपासूनच होती, ती त्यानं म्हाताऱ्याच्या डोळ्यावर टाकली. गिल्टनं वेडा केला नाही, गिल्टनं फक्त बोलता केला.

तालुका कोर्टातली
मी वकिली करते म्हणून वेगळ्या बाजूनं सांगते. ही गोष्ट जानेवारी 1843 मध्ये छापून आली आणि त्याच महिन्यात लंडनमध्ये मॅकनॉटन नावाच्या माणसानं ब्रिटिश पंतप्रधानांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, मार्चमध्ये वेडाच्या कारणावर तो सुटला, लोक खवळले, त्यातून जे नियम निघाले तेच पुढं आपल्या आयपीसीच्या कलम 84 मध्ये आले, आता न्याय संहितेचं कलम 22. त्यात नुसतं वेड असून भागत नाही, ते करताना आपण काय करतोय किंवा हे चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नव्हतं असं दाखवावं लागतं. हा माणूस आठ रात्री बेत करतो, डोकं दारातून आत घालायला एक तास लावतो, रक्ताचा डाग राहू नये म्हणून टब वापरतो, तीन फळ्या उचकटून पुन्हा जशाच्या तशा बसवतो आणि प्रेताच्या वरच खुर्ची टाकून बसतो. लपवलं म्हणजे चूक आहे हे त्याला माहीत होतं. माझ्या मते तो आजारीही आहे आणि गुन्हेगारही, आपण उगाच दोन्हींतलं एकच निवडायला बसतो.

वाचनवेडी
ताई, भाऊ, सर, सगळ्यांचे मनापासून आभार, कण्हण्याची ओळ मी दरवेळी सोडून पुढं जात होती. पेपरात तीच धरून लिहिते. एकच राह्यलं, त्या तीन पोलिसांना खरंच काही ऐकू येत नव्हतं? तो तर म्हणते ते नाटक करत होते.

जागलीवाला
नाही ताई. शेजाऱ्यानं किंकाळी ऐकली म्हणून आले होते, अन ते आपले बसून गप्पाच मारत होते.