'गंभीर', 'अत्यवस्थ', 'मुका मार': अपघातातल्या माणसाची अवस्था मराठीत कशी सांगावी?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)
आमच्या भागातल्या मराठी मंडळींसाठी अपघातानंतरच्या मदतीचं एकपानी पत्रक लिहितेय. बायपासवर किंवा आग्रा-मुंबई रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला काय सांगावं, एवढाच विषय. 'इजेची तीव्रता', 'जखमेचं गांभीर्य', 'प्रकृती चिंताजनक' यातलं काय घ्यावं? इकडे निम्मं बोलणं हिंदीत, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी एकच, 'पेशंट सीरियस आहे'.

उत्तर (रामबाग)
ताई, कोशाच्या हिशेबाने 'इजेचं गांभीर्य' बरोबर आहे. तीव्रता वेदनेची, तापाची, भूकंपाची. पण पत्रकात मी गांभीर्यही घालणार नाही. गंभीर, अत्यवस्थ, चिंताजनक, किरकोळ हे सगळे निकालाचे शब्द आहेत आणि निकाल रुग्णालयात लागतो. १९७४ साली मांडलेला आयएसएस नावाचा गुणांक इजेचं गांभीर्य ७५ पर्यंतच्या आकड्यात सांगतो, पण त्यासाठी आतल्या-बाहेरच्या सगळ्या जखमा कळलेल्या असाव्या लागतात. रस्त्यावर कुठून कळणार? तिथे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच सांगायचं, आणि त्यासाठी मराठीत फार नेमके शब्द पडून आहेत.

अँब्युलन्सवाले शुद्धीच्या चार पायऱ्या धरतात, एव्हीपीयू म्हणतात त्याला. पहिली पायरी 'सावध'. 'तो आता सावध झाला' असं आपली आजी सहज म्हणायची, तोच अर्थ. दुसरी, 'हाकेला ओ देतो'. डोळे मिटलेले, पण मोठ्याने हाक मारली की डोळे उघडतो किंवा हुंकार भरतो. तिसरी, हाकेला काही नाही, पण खांद्याजवळचा स्नायू चिमटीत दाबला की कण्हतो किंवा हात ओढून घेतो. चौथी, 'निपचित'. हिंदीत 'होश में है' म्हटलं की पहिल्या दोन पायऱ्या एकात मिसळतात, आणि नेमका त्यांच्यातला फरक महत्त्वाचा असतो. म्हणून फोनवर हिंदीत बोलतानाही पुरं वाक्य सांगावं: 'आवाज़ देने पर आँख खोलता है'.

'बरळतो' हाही शब्द घ्याच. शुद्धी मोजायची ग्लासगो कोमा स्केलही १९७४ चीच, टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांची. डोळे, बोलणं आणि हालचाल मिळून ३ ते १५ गुण, ८ किंवा कमी म्हणजे मेंदूची इजा गंभीर. तिथे असंबद्ध बोलण्याला वेगळा गुण आहे. नाव विचारलं तर भलतंच सांगतो, 'इंदूरला आहेस' म्हटलं तर 'नाही, देवासला' म्हणतो, ही डोक्याला मार लागल्याची खूण असू शकते. आपल्याकडे अशा माणसाला 'प्यायलाय' म्हणून बाजूला बसवून ठेवतात. हे फार वाईट आहे. प्यायलेल्यालाही डोक्याला लागतंच.

उत्तर (लोकमान्यनगर)
अगदी पटलं. माझी भर एका शब्दापुरती, 'मुका मार'. हिंदीत 'गुम चोट'. आपण हा शब्द धीर द्यायला वापरतो: 'काही नाही हो, मुका मार आहे, हळद लावा'. गुडघ्यापुरतं ठीक आहे. पण हँडल पोटात घुसलेला माणूस वरून धडधाकट दिसतो आणि डाव्या बरगड्यांखालची प्लीहा आत फाटलेली असू शकते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातलं दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत रक्तदाब बहुधा टिकून असतो. आधी नाडी जोरात धावते, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, माणूस पांढराफटक होतो, पाणी मागतो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली आला की पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून पत्रकात 'मुका मार असल्यास घाबरू नये' असलं वाक्य चुकूनही नको. 'रक्त दिसत नाही' हे आणि 'लागलं नाही' हे वेगळं, एवढं ठळक छापा. आणि त्याने मागितलं तरी पाणी पाजायचं नाही, ओठ ओले करायचे फार तर.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. 'गंभीर' काढून टाकला. आता असं आहे:
'जवळ जा. गदागदा हलवू नका, मानेला धक्का लागू देऊ नका. मोठ्याने हाक मारा. सावध आहे, ओ देतो, नुसता कण्हतो, की निपचित आहे? नाव-गाव विचारा, बरळतो का पाहा. रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. अंग गार, घामेजलेलं आहे का? धाप लागली आहे का? हे सगळं याच शब्दांत १०८ ला सांगा.'

उत्तर (रामबाग)
उत्तम. फक्त 'धाप' अपुरा आहे. धाप वेगाने चालणाऱ्या श्वासाची. संथ, अडखळत, मधेच थांबणारा श्वास त्यात येत नाही, आणि तो तितकाच घातक. मिनिटाला १० पेक्षा कमी किंवा २९ पेक्षा जास्त श्वास असेल तर अँब्युलन्सवाले पेशंटला थेट मोठ्या ट्रॉमा सेंटरला न्यायच्या यादीत धरतात. 'छातीकडे बघून अर्धा मिनिट श्वास मोजा, दुप्पट करा आणि आकडा सांगा' असं लिहा. घरघर ऐकू येत असेल तर तेही सांगायला लिहा, घशात रक्त किंवा जीभ अडकल्याचं त्यावरून कळतं.