मदत हवी आहे: ठाणे-नवी मुंबईत इन्शुरन्स चालणारा थेरपिस्ट

कोपरीकर
नमस्कार मंडळी. ठाणे किंवा नवी मुंबईत चांगला थेरपिस्ट सुचवा, पण इन्शुरन्स चालला पाहिजे. ॲपवर नेटवर्कची यादी उघडली की नुसती मोठी हॉस्पिटलं दिसतात, आणि फोन केला की "ॲडमिट असाल तरच कॅशलेस". दर आठवड्याला दीड-दोन हजार खिशातून घालणं परवडणारं नाही. कायद्याने मानसिक आजार कव्हर करायलाच लागतो ना? मग अडतंय कुठे? जरा लवकर सांगा, शनिवारपासून सुरू करायचंय.

पाणबुड्या
पॉलिसी कंपनीची की स्वतःची? ओपीडी कव्हर, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचे पैसे, आहे का? पेशंट कोण, वय काय? आणि ठाणे की नवी मुंबई ते एकदा ठरवा. कोपरीहून नेरूळला दर आठवड्याला जाणं-येणं चार दिवस जमतं, मग सेशन बुडायला लागतात.

कोपरीकर
कंपनीची, पाच लाखांची. बाकीच्याने काय फरक पडतो?

क्लेमकारकून
सगळाच पडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा, त्याच आधारावर मानसिक आजारालाही. पण तापासाठी फॅमिली डॉक्टरकडे गेलात तर मूळ पॉलिसी पैसे देते का? नाही, निदान २४ तास दाखल व्हावं लागतं. थेरपीलाही तोच न्याय. थेरपी म्हणजे ओपीडी, तेव्हा ते पाच लाख इथे उपयोगाचे नाहीत.

एचआरच्या पोर्टलवर पॉलिसीचं बेनिफिट मॅन्युअल असतं. त्यात 'ओपीडी' शोधा. सापडलं तर वर्षाची मर्यादा बघा (ती बहुधा काही हजारांतच असते), सायकोथेरपी धरली आहे की फक्त डॉक्टरची फी ते बघा, आणि कुठल्याही क्लिनिकचं बिल चालतं की त्यांच्या ॲपवरच्याच माणसाचं, तेही. शब्दच सापडला नाही तर थेरपिस्ट शोधत फिरू नका, आधी पैशाची दुसरी वाट शोधा.

मामलेदार
कशाला विम्याच्या नादी लागता? ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ओपीडी आहे, पैसे नाममात्र. कळव्याला महापालिकेचं हॉस्पिटल आहे. लोक नाव ऐकूनच बिचकतात, त्याला इलाज नाही.

निशिगंध
मामलेदार, निदान आणि औषधांसाठी उत्तम. पण सरकारी ओपीडीच्या गर्दीत दर आठवड्याला एकाच माणसाबरोबर पाऊण तास बसायला मिळणं कठीण, आणि धागाकर्त्यांना तेच हवंय.

धागाकर्ते, फोनवर "थेरपिस्ट आहे का" असं मोघम विचारू नका. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर, त्याच्याकडे मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदलेला, त्याचा सीआरआर नंबर असतो. निव्वळ 'काउन्सेलर' अशी पाटी असेल तर यातला कुठलाच नंबर नसण्याची शक्यता जास्त. माणूस चांगला असेलही, पण टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारा) बिलावर आधी नंबरच शोधतो.

मामलेदार
म्हणजे नंबर असला की थेरपी चांगली? धन्य आहे.

निशिगंध
थेरपी चांगली असं कोण म्हणालं? क्लेम पास होतो, एवढंच म्हटलंय.

क्लेमकारकून
नंबर असूनही बिलात माती खातात, ते लिहितो. "काउन्सेलिंग चार्जेस, ४ सेशन, ६००० रुपये" अशी एक ओळ आली की टीपीए हमखास क्वेरी काढतो. तेच बिल असं हवं: प्रत्येक सेशनची तारीख आणि फी वेगळ्या ओळीत, वर्णनात 'सायकोथेरपी', वर पेशंटचं पॉलिसीतलं नाव जसंच्या तसं, निदान, पावती क्रमांक, नोंदणी क्रमांकासह सही-शिक्का. यूपीआयचा स्क्रीनशॉट सोबत जोडा, पण पावतीच्या जागी तो चालत नाही. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, न झालेल्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत.

निदानाचा कोडही महत्त्वाचा. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एफ ३२ म्हणजे नैराश्याचा झटका, एफ ४१ मध्ये चिंतेचे आजार. झेड ६३ म्हणजे घरगुती नात्यांतल्या अडचणी. झेडवाला कोड हा आजार धरत नाहीत, म्हणून कपल थेरपीचं बिल परत येतं. त्यामुळे पहिली भेट सायकिॲट्रिस्टची घ्या. निदान आणि "सायकोथेरपीचा सल्ला" एवढं त्याच्या लेटरहेडवर असलं की पुढची सायकॉलॉजिस्टची बिलं त्याच्या आधारे लागतात. ओपीडी क्लेमची मुदत बऱ्याच ठिकाणी ३० दिवस असते, तेव्हा बिलं साठवून ठेवू नका.

ऐरोली_फास्ट
एचआरला ईएपीबद्दल (एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम, कंपनीने ठेवलेली समुपदेशनाची सोय) विचारा. विम्याशी संबंध नसतो, काही सेशन फुकट असतात, बऱ्याचदा घरच्यांनाही चालतं. कंपनीला सहसा फक्त आकडा कळतो, नावं नाहीत. तरी करारात ते लिहिलंय का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

शून्यटक्के
२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झालाय. स्वतःची ओपीडीवाली पॉलिसी काढा, मोकळे व्हा. शिवाय जुन्या कररचनेत असाल तर आयकरात हप्त्याची २५,००० पर्यंत वजावट.

क्लेमकारकून
आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. त्यांना शनिवारी जायचंय हो!

शून्यटक्के
वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल म्हणून लिहिलं. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. आपल्या भागाचं कार्यालय आता ठाण्यातच आहे.

पाणबुड्या
क्लेम अजून केलेलाच नाही. धागाकर्ते, पेशंट कोण ते राहिलंच.

कोपरीकर
धाकटा भाऊ. वय २६. दोन महिने झोप नाही, कामावर दांड्या. माझ्या पॉलिसीत घालून घेता येईल ना?

क्लेमकारकून
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! ग्रुप पॉलिसीत नवरा-बायको, मुलं, फार तर आईवडील. भाऊ सहसा बसत नाही. वर लिहिलेलं सगळं तुमच्यासाठी बाद, फक्त ईएपी विचारा.

निशिगंध
जेवण कसं आहे? मरणाच्या गोष्टी बोलतो का? बोलत असेल तर शनिवारची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका आणि आजच सायकिॲट्रिस्टकडे न्या. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कोपरीकर
तसं काही बोलत नाही, विचारलं मुद्दाम. चिडचिड आहे.

ऐरोली_फास्ट
भाऊ नोकरी कुठे करतो? पगारपत्रकात ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का?

कोपरीकर
रबाळे एमआयडीसी. हो, शंभर-सव्वाशे रुपये कापतात.

ऐरोली_फास्ट
मग विमा त्याचाच आहे की! पगार २१,००० पर्यंत असलेल्यांना ईएसआय लागू, कामगाराकडून ०.७५ टक्के. इथे ओपीडी, औषधं सगळं धरलेलं असतं. आयपी नंबर (ईएसआय कार्डावरचा विमा क्रमांक) आणि आधार घेऊन आधी कार्डावरच्या दवाखान्यात, तिथून सायकिॲट्रिस्टसाठी रेफरलची चिठ्ठी. परस्पर खासगीत जाऊन नंतर बिल लावायला गेलात तर अडकाल. दांड्यांचंही सांगतो: ईएसआय डॉक्टरचा दाखला असला आणि ईएसआयचा हप्ता भरलेले दिवस पुरेसे असले तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. विनादाखला घरी बसला तर तेही नाही.

मामलेदार
म्हणजे शेवटी सरकारी रांगेतच ना? मी काय सांगत होतो!

निशिगंध
औषधांसाठी, हो. बोलण्याच्या थेरपीसाठी नौपाड्यात आयपीएचला (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) फी विचारून बघा. कोपरीहून जवळ आहे. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही.

कोपरीकर
कार्ड सापडलं. त्यावर दवाखाना भिवंडीचा दाखवतोय, आधीच्या नोकरीचा असेल. बदलता येतो का?

ऐरोली_फास्ट
येतो. आत्ताच्या कंपनीच्या एचआरला आजच मेल टाकायला सांगा, पत्त्याचा पुरावा जोडून. ते दाद देत नसतील तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या.